एक हरकत माझीही आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

आजच्या नोंदीची सुरुवात एका तक्रारीने करणं भाग आहे, आणि ती मी पूर्ण जबाबदारीने नोंदवतो. दोन कागद एकत्र ठेवायला एक पिन पुरते. कर कार्यालयाने चार मारल्या आहेत, चारही टोकं वर करून. दारात पोस्टमनकडून पाकीट घेतलं, ऐटीत उघडलं, आणि उजव्या अनामिकेतून रक्त. संस्कृतात कर म्हणजे हातही होतो आणि पट्टीही. आज प्रथमच दोन्ही अर्थ एकाच वेळी अनुभवले.

रक्त पुसून वाचलं. अण्णांच्या नावाने आलेली फेरआकारणीची नोटीस. आमच्या घराची घरपट्टी यंदापासून अडीचपट. हरकत असल्यास एकवीस दिवसांत कळवावी.

अण्णा म्हणजे माझे वडील. व्यवसायाने गवंडी, आता निवृत्त, वय अठ्ठ्याहत्तर. हे घर अडतीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलं. त्यांना नोटीस दिली तर म्हणाले, "चष्मा सापडत नाही. तूच वाच, पंडित." मी संस्कृत घेऊन पदवी घेतली, त्या दिवसापासून ते मला पंडित म्हणतात. कौतुक किती आणि थट्टा किती, हे तीस वर्षांत कळलेलं नाही. चष्मा त्यांच्या खिशातच होता. या चष्म्याचं एक वैशिष्ट्य आहे: कागद समोर आला की तो हरवतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

नोटीस ही सूत्रशैलीतली रचना आहे. अक्षरं थोडी, अर्थ अगाध, भाष्याशिवाय गती नाही. दोन दिवस डोकं घातल्यावर इतकं हाती लागलं: घराचं क्षेत्रफळ घ्यायचं, त्याला वस्तीच्या दराने गुणायचं. मग बांधकामाचा वर्ग पाहायचा. पक्क्या घराला जास्त, कच्च्याला कमी. मग घराचं वय, कारण जुन्या घराला सूट मिळते. शेवटी वापर. राहायचं असेल तर साधा दर, धंदा असेल तर दुप्पट.

लाज वाटायची गोष्ट अशी की मी वर्तमानपत्राचा बातमीदार आहे आणि वीस वर्षं नगरकारभारावर लिहितो. आठ वर्षांपूर्वी याच विषयावर मी वाचकांना धीर देणारा मोठा लेख लिहिला होता. बायकोने तो कात्रणांच्या पेटीतून काढून माझ्यापुढे ठेवला. मी वाचला.

"चांगला लिहिलाय," मी म्हटलं. "पण कळत काहीच नाही."

"तेव्हा मी तेच म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही दोन दिवस बोलला नव्हता माझ्याशी."

८ फेब्रुवारी, शनिवार

दोन पानांचा मजकूर घराशी ताडून पाहिला. चुका आहेत, आणि चांगल्या दांडग्या आहेत.

एक: पुढचा उघडा ओटा खोली म्हणून मोजलाय. क्षेत्रफळ एकशे नव्वद चौरस फुटांनी फुगलंय.

दोन: घराचं वय चौदा वर्षं लिहिलंय. चौदा वर्षांपूर्वी आम्ही फक्त वरची खोली चढवली. खालचं घर त्याआधी चोवीस वर्षं बहुधा हवेत तरंगत होतं.

तीन: वरची खोली ‘कार्यालय’ म्हणून लावलीय, दुप्पट दराने. बायकोने विचारलं, "कार्यालय कुणी सांगितलं त्यांना?"

इथे खरं लिहिलं पाहिजे, दैनंदिनी कुणी वाचणार नाही. गेल्या वर्षी मोजणीला माणूस आला होता. मी त्याला वर नेलं, टेबल दाखवलं, पुस्तकांची कपाटं दाखवली, आणि छाती फुगवून म्हणालो, "हे आमचं ऑफिस." त्याने मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं. मला वाटलं, भारावून गेला.

चौथीही एक चूक आहे. बांधकामाचा वर्ग ‘दुसरा’ लावलाय, म्हणजे माती-चुन्याच्या जोडाईचा, निमपक्का. वरच्या खोलीवरचा पत्रा पाहून त्याने अख्ख्या घराला तोच वर्ग दिला असावा. आपलं घर पहिल्या वर्गाचं आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. पण या चुकीने पट्टी कमी होते. तेव्हा मी शेंबडा पोर नाही. मौनं सर्वार्थसाधनम्.

शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांना आम्ही घरात सर्वज्ञ म्हणतो, कुंपणावरून म्हणाले, "वरची खोली दाखवूच नका. जिन्याला कुलूप लावा. सांगा, माळा आहे." माळ्यावर चार खिडक्या आणि पडदे कसे, यावर ते म्हणाले, "हवेशीर माळा."

९ फेब्रुवारी, रविवार

सगळ्यांना घेऊन फ्लॅट पाहून आलो.

हिशेब साधा आहे. माझं वर्तमानपत्र गेल्या वर्षी निम्म्या पानांचं झालं, माझं मानधनही. अडीचपट पट्टी एकदा भरीन, दोनदा भरीन, दरवर्षी नाही. हरकत मान्य झाली नाही तर घर विकून लहान जागेत जायचं, असं मी ठरवलंय. फ्लॅट पाचव्या मजल्यावर आहे. विकणाऱ्याने पंधरा मार्चपर्यंत उत्तर मागितलंय.

अण्णा वाटेत एकच बोलले, "लिफ्टची बटणं कुठल्या बाजूला असतात?" हा टोमणा मी समजून घेतला. ज्याने उभं आयुष्य जिने बांधले, त्याने लिफ्टला मान का द्यावा?

फ्लॅटमध्ये ते दाराच्या आतच उभे राहिले. "या ना, बघा ना," म्हटल्यावर पुढे निघाले ते थेट गॅलरीच्या काचेच्या दारावर कपाळ आपटलं. मग म्हणाले, "काच स्वच्छ ठेवलीय." विकणारा खूश झाला.

परतताना मी विचारलं, "कसं वाटलं?"

"तिथं माझ्या ओळखीचं कुणी नाही, पंडित. पण तू म्हणशील तसं."

वाईट वाटलं. तरी नव्या ठिकाणी ओळखी होतात की हळूहळू.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हरकतीचा अर्ज दिला. खिडकीतल्या कारकुनाने तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "तुम्ही वकील?"

"नाही."

"मग पाच पानं कशाला?"

छापील अर्जावर हरकतीला एकच पर्याय आहे: ‘आकारणी जास्त झाली आहे.’ त्यावर खूण केली. वयाचा पुरावा म्हणून पाण्याच्या नळजोडणीची अडतीस वर्षांपूर्वीची पावती जोडली. ती बायकोच्या पेटीत होती. त्या पेटीत आमच्या लग्नातली भांड्यांची यादीही आहे, आणि कुणी दिलेली कळशी गळकी निघाली याचीही टीप आहे. मी वीस वर्षं बातमीदारी करतो, पण खरं दप्तर तिचं.

घरी आलो तर वादळ. दुपारी बायकोने अण्णांना नोटीस सगळी, अक्षर न् अक्षर वाचून दाखवली होती. हल्ली ती त्यांना पेपरही वाचून दाखवते. मी बातमीदार असून माझ्या बातम्या अण्णा तिच्या तोंडून ऐकतात. तर वर्गाची ओळ आली, आणि म्हातारा उठून उभा राहिला.

"दुसरा वर्ग? माझं घर?"

"अण्णा, ते आपल्या फायद्याचं आहे."

"मातीची जोडाई म्हणतोय तो! विटा दोन-दोन दिवस भिजवल्यात मी. एकवीस दिवस पाणी मारलंय. तुझी आई पहाटे उठून पाणी मारायची."

"वर पत्रा आहे म्हणून लिहिलं असेल."

"टोपी पत्र्याची म्हणून माणूस पत्र्याचा होतो?"

मी एवढंच म्हणालो, "सुनावणीत हा विषय काढू नका. हात जोडतो." ते भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेले. हल्ली घरात फिरताना त्यांचा तळहात सतत भिंतीवर असतो, लाडक्या गायीच्या पाठीवर असावा तसा. एवढा अभिमान बरा नव्हे, असं वाटतं. आणि खरं तर मला तो फार आवडतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

विशेष काही नाही. मी पुढच्या खोलीतली खुर्ची उजेडासाठी खिडकीकडे सरकवली, तर अण्णा तिच्यावर अडखळले आणि माझ्यावर डाफरले, "जागच्या वस्तू जागी ठेवाव्यात!" बायकोने खुर्ची परत जागेवर ठेवली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच कुणाचा पाय मोडलाय. फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे डोळ्यांच्या औषधाची बाटली दिसली. विचारलं तर म्हणाली, "राहू द्या तिथेच." शिवणकामाने तिचे डोळे चुरचुरत असणार. चांगला दिवा आणायला हवा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस सोन्याच्या शाईने लिहावा असा आहे. निळ्या शाईने लिहितो.

कर निरीक्षक फेरमोजणीला आला. तिशीतला, शांत, हातात लाल ठिपका पाडणारं मोजणीयंत्र. अण्णा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या खुर्चीत बसले होते.

"आजोबा, ही खोली मोजतो," तो म्हणाला.

"मोजा. बारा फूट लांब, दहा फूट रुंद. गिलाव्यासकट सांगतोय."

लाल ठिपका समोरच्या भिंतीवर पडला. निरीक्षकाने आकडा पाहिला. "बारा फूट."

"आणि?"

"दहा फूट."

"स्वयंपाकघर नऊ बाय साडेआठ. त्यात ओट्याच्या कोपऱ्यात अर्धा इंच जास्त आहे. तो माझा आळस नाही, तिथं हिच्या सासूला डबा ठेवायचा होता."

अर्धा इंच जास्त होता. निरीक्षक पुढे-पुढे यंत्राकडे कमी आणि अण्णांकडे जास्त पाहायला लागला. जिन्याशी त्याने विचारलं, "पायऱ्या किती?" गंमत म्हणून. "अकरा. सातवी थोडी बुटकी आहे, जपून." तो जपून चढला. उघडा ओटा त्याने ओटा म्हणून लिहून घेतला. वर माझं टेबल पाहून म्हणाला, "इथे गिऱ्हाईक येतं का कुणी?" मी म्हटलं, "चौदा वर्षांत एक. तोही चुकून." त्याने ‘निवासी’ लिहिलं. माझा अहंकार जरा दुखावला, पण दर निम्मा झाला.

मग वय. नळाची पावती ठीक आहे, पण घरावरही काही खूण आहे का, त्याने विचारलं. मला आठवलं. मागच्या अंगणातलं सिमेंट ओलं असताना अकरा वर्षांचा मी त्यावर पाय देऊन पळालो होतो. अण्णांनी एक ठेवून दिली होती. पण आई म्हणाली, राहू द्या तो पाय, मग अण्णांनी खिळ्याने शेजारी तारीख कोरली.

पाऊल सापडेना. अडतीस वर्षांचं शेवाळ, वर कुंड्या. मी गुडघ्यांवर बसून शोधतोय, निरीक्षक वाकून शोधतोय, सर्वज्ञ कुंपणावरून दिशा सांगताहेत. दहा मिनिटं गेली. अण्णा आले, चप्पल काढली, अनवाणी चार पावलं चालले, थांबले, आणि पायाच्या अंगठ्याने जमीन चाचपून म्हणाले, "हे घ्या."

शेवाळ खरवडलं. खाली लहानसं पाऊल, पाच बोटं, आणि तारीख.

"हे तुमचं?" निरीक्षकाने मला विचारलं. मी माझा बुटातला पाय त्याशेजारी ठेवला. बायको हसली, निरीक्षक हसला. अण्णा हसले नाहीत. ते तसेच अंगठा त्या खळग्यात ठेवून उभे होते.

चार डोळे आणि एक यंत्र हरलं, एका अंगठ्याने जिंकलं. हा माझा बाप आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं. मग आठवलं, सर्वज्ञ ऐकताहेत. ओरडलो नाही. नंतर वाटलं, ओरडायला हवं होतं.

३ मार्च, सोमवार

सुनावणी. कार्यालयाची खोली लांबट, मध्ये लांब टेबल, भिंतीवर बंद घड्याळ. घराचे धनी अण्णा, म्हणून त्यांना नेणं भागच होतं. माझ्या दंडाला धरून चालले. गर्दीत बापाने लेकाचा दंड धरावा, यात मला का कोण जाणे फार मोठेपणा वाटला.

अण्णांनी टेबलाची कड हाताने चाचपली, खुर्ची ओढून बसले आणि हात जोडून म्हणाले, "नमस्कार साहेब."

समोर अधिकारी बाई होत्या. त्या म्हणाल्या, "नमस्कार आजोबा, बसा." अण्णा किंचित दचकले. "नमस्कार बाई." मी मनात म्हटलं, जुन्या लोकांच्या डोक्यात अधिकारी म्हणजे पुरुषच.

बाईंनी निरीक्षकाचा अहवाल वाचला. क्षेत्रफळ मान्य. वय मान्य. वापर निवासी, मान्य. माझी पाच पानं त्यांनी उघडलीही नाहीत. "अजून काही?"

"नाही," मी म्हणालो.

"आहे," अण्णा म्हणाले. "एक हरकत माझीही आहे."

मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. त्यांनी माझा दाबला, जोरात.

"वर्ग चुकलाय, बाई. दुसरा लिहिलाय. घर पहिल्या वर्गाचं आहे."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आजोबा, वर्ग बदलला तर तुमची पट्टी वाढेल. कळतंय ना?"

"किती वाढेल?"

"पाचवा हिस्सा धरा."

"वाढू द्या. चुकीचं नको."

"अहो, इथे कमी करा म्हणायला येतात लोक. वाढवा म्हणणारं कुणी आलेलं नाही माझ्यासमोर."

"बाई, मी एकशे बारा घरं बांधली. एकशे अकरा लोकांच्या पैशाने. हे एक माझ्या. त्यात मी मातीची जोडाई करीन? तुमचा माणूस आला होता ना? त्याला विचारा, भिंत वाजवून पाहिली का."

निरीक्षक कोपऱ्यात बसला होता. तो उठला. "मॅडम, मी वाजवून पाहिली. खालचं सगळं पक्कं आहे. पत्रा फक्त वर आहे."

"मग अहवालात का नाही लिहिलं?"

"त्यांनी त्यावर हरकतच घेतली नव्हती," तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. मी बंद घड्याळाकडे पाहिलं.

बाईंनी अर्ज पुढे ओढला. ‘आकारणी जास्त झाली आहे’ या छापील ओळीखाली त्यांनी पेनाने नवी ओळ लिहिली: ‘बांधकामाचा वर्ग कमी लावला आहे.’ मग कागद फिरवला. "इथे सही करा, आजोबा."

मी ओळीवर बोट ठेवलं. अण्णांनी एका हाताने माझं बोट धरलं आणि त्याच्या कडेकडेने सही केली, सावकाश, पट्टी धरून ओढावी तशी सरळ. गवंडीच तो. रेष धरल्याशिवाय हात चालत नाही.

बाहेर आल्यावर मी रागवायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "अण्णा, चहा घेऊ या का?"

"घेऊ. पैसे तू दे. माझी पट्टी वाढलीय."

११ मार्च, मंगळवार

आदेश आला. या वेळी एकच पिन.

ओटा वजा, वयाची सूट मिळाली, कार्यालय गेलं, वर्ग पहिला. सगळं धरून पट्टी जुन्या पट्टीच्या सव्वापट. झेपेल. फ्लॅटवाल्याला लगेच फोन करून नाही म्हणालो. तो म्हणाला, "म्हातारबाबांना काच आवडली होती."

वरच्या खोलीतून धावत खाली आलो. हातात टपालाचा गठ्ठा. अण्णा आपल्या खुर्चीत. "अण्णा, आला! हा बघा. तिसऱ्या ओळीत." त्यांच्या हातात कागद दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, अंगठा कागदावरून डावीकडून उजवीकडे नेला. डोळ्यांत पाणी आलं.

"पहिला वर्ग," ते म्हणाले. "लिहिलं शेवटी."

मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. गडबडीत मी त्यांना विजेचं बिल दिलं होतं. आदेश माझ्याच काखेत होता.

मी बिल त्यांच्या हातात तसंच राहू दिलं. मग म्हटलं, "मोठ्याने वाचू का? मला ऐकायचंय." आदेश उघडला आणि सगळा वाचला, शिक्क्यावरच्या अक्षरांसकट. ते डोळे मिटून ऐकत होते.

१२ मार्च, बुधवार

बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"दीड वर्ष झालं," ती म्हणाली. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी नेते त्यांना. आतली नस सुकतेय. गेलंय ते येत नाही, उरलंय तेवढं औषधाने टिकवायचं. उरलंय ते उजेड-अंधार एवढंच."

"मला का नाही सांगितलं?"

"तेच म्हणाले, पंडिताला सांगू नकोस, तो पाच पानं लिहील." मग माझ्याकडे पाहिलं. "आणि मला वाटलं, तुम्हाला दिसेल. बातमीदार ना तुम्ही."

मागची पानं चाळली. सगळं लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. चष्मा, बटणं, काच, खुर्ची, अंगठा, बोट. एकही बातमी चुकलेली नाही. फक्त मला ती वाचता आली नाही.

घर राहिलं. याचा मला अभिमान आहे, आणि ज्याने ते अकरा पायऱ्यांसकट तळहातात धरून ठेवलंय, त्याचा त्याहून जास्त. पट्टीची चिंता उरली नाही. चिंता आहे ती निराळीच, आणि ती विचारायचं मला धाडस होत नाही. अण्णांनी माझा चेहरा नीट असा शेवटचा कधी पाहिला, आणि त्या वेळी मी कागदांतून मान वर केली होती का.